मुळातकाका

मुळातकाकांचं खरं नाव मतदार यादीत आहे आणि काकूंच्या उखाण्यात आहे. गावात ते तिसरीकडे कुठे वापरात नाही. 'मुळात' म्हणून वाक्याला सुरुवात करणारी माणसं महाराष्ट्रात काही कमी नाहीत, पण त्यांचं वाक्य पुढे कुठेतरी पोचतं. काकांचं पोचायच्या आत ऐकणारा उठून गेलेला असतो. गावाच्या कानात तेवढा पहिला शब्द राहिला आणि तेच नाव पडलं.

महाडजवळ हायवे सोडून नातेखिंडीतून आत वळलं की रायगडाच्या रस्त्यावर आमचं नाते लागतं. गडावर जाणारे गावातून जातात, गावात येत नाहीत. चहाला कुणी थांबलंच तर त्याला दोन गोष्टी ऐकाव्या लागतात. पहिली म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १८९६ साली इथे जन्मले. ही कुणीही सांगतं. दुसरी म्हणजे तुम्ही जो सिनेमा बघून गडावर निघालात त्यात काय काय चुकलंय. ही मुळातकाका सांगतात आणि चहावर साय धरेपर्यंत सांगतात.

काका एसटीत कंडक्टर होते. महाड-मुंबई गाडीवर त्यांची बरीच वर्षं गेली. या नोकरीनं त्यांना मुंबईची रद्दी दिली आणि तपासणीची नजर दिली. मुक्कामाची गाडी घेऊन मुंबईला गेले की बाकीचे ड्रायव्हर-कंडक्टर पत्ते कुटत बसायचे. काका रद्दीच्या दुकानात ओणवे होऊन इंद्रजाल कॉमिक्स शोधायचे. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ साली सुरू केलेली ही चित्रकथांची पुस्तकं मराठीतही निघायची. वेताळ, जादूगार मँड्रेक, पुढे १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर. १९९० साली इंद्रजाल बंद पडलं. ही बातमी काकांच्या माळ्यापर्यंत अजून पोचलेली नाही. तिथे पत्र्याच्या ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या बंदोबस्तात वेताळ अजून रोज हजेरी देतो. आमच्याकडे पावसाचे चार महिने काडेपेटीतली काडी पेटत नाही, पण काकांच्या एका पानाला कधी बुरशी लागली नाही. ती काकूंच्या पापडांना लागली. घरात ट्रंक एकच होती.

पुस्तकांची नोंद वेबिलासारखी. अंक क्रमांक, कुठून चढला, कुठे उतरला, शेरा. वाचायला मागणाऱ्याला काका जुनं तिकीट देतात आणि चिमट्यानं त्याला भोक पाडतात. भोक एक असेल तर पुस्तक तीन दिवस, दोन असतील तर आठवडा. पुस्तक दुमडून परत आणलं की दंड.

असा माणूस सिनेमा कसा बघत असेल याचा अंदाज आलाच असेल. चित्रकथेवरून केलेला सिनेमा म्हणजे काकांच्या लेखी ठरल्या मार्गाची गाडी. पाटीवर जे लिहिलंय तिथूनच ती गेली पाहिजे. पुस्तकात नसलेलं पात्र पडद्यावर आलं की काका म्हणतात, "हा विनातिकीट." गोष्टीनं फाटा सोडला की तोंडानं एक बेल देतात, "टिंग." म्हणजे गाडी थांबवा. गोष्ट परत मार्गाला लागली की "टिंग टिंग." काकांबरोबर पूर्ण सिनेमा बघितलेल्या माणसाला घरी गेल्यावर संवाद आठवत नाहीत, फक्त घंटा आठवतात.

सगळ्यात जास्त बेल दिल्या त्या वेताळाला. ली फॉकनं १९३६ साली काढलेल्या या वेताळावर हॉलिवूडनं १९९६ साली सिनेमा केला, बिली झेन वेताळ झाला. तो केबलवर लागला तेव्हा काकांनी रजा टाकली होती. घर गच्च भरलं. काकूंनी वाटीवाटीनं भडंग दिलं. वेताळ पडद्यावर आला आणि काका उभे राहिले. आम्हाला वाटलं मानवंदना देतायत.

"डोळे!" काका ओरडले.

"काय झालं डोळ्यांना?"

"दिसतायत!"

वेताळाच्या मुखवट्याच्या भोकांत ली फॉकनं कधी बुबुळं काढू दिली नाहीत. तिथे नुसतं पांढरं. वेताळाचा उघडा चेहरा जो पाहील त्याला भयंकर मरण येतं, अशी जंगलातली जुनी म्हण आहे आणि ती काकांना मारुतीस्तोत्राइतकी पाठ आहे. आणि इथे बिली झेन चक्क पापण्या मिटत होता. "बुबुळं दिसली की तो वेताळ कसला? नुसता जांभळे कपडे घातलेला माणूस!" काकूंनी आतून सांगितलं, "चेहरा बघून मरण येत असतं तर मी कधीच सुटले असते." मग सगळ्यांनी भडंग खाल्लं आणि काकांनी उरलेला सिनेमा उभ्यानं पाहिला. लक्षात घ्या, पाहिला मात्र पूर्ण. नावं संपून जाहिरात लागेपर्यंत.

हे काकांचं कोडं आहे. ज्याला सिनेमा आवडत नाही तो सिनेमा बघत नाही, सरळ हिशेब आहे. काकांना एकही आवडत नाही आणि ते एकही सोडत नाहीत.

मराठीत असा प्रसंग २०१२ साली आला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ पासून 'सकाळ'मध्ये यायचा. रोज तीन-चार चौकटी, एक गंमत, की झालं. काका तो कापून वहीत चिकटवायचे. घरातला पेपर सकाळी दहानंतर खिडकी पाडलेला असायचा. त्या चिंटूवर श्रीरंग गोडबोल्यांनी सिनेमा काढला. शुभंकर अत्रे चिंटू, सुबोध भावे पप्पा, विभावरी देशपांडे आई. काका तेव्हा नऊ वर्षांच्या नातीला घेऊन मुद्दाम पुण्याला गेले. नात खुर्चीत उड्या मारत होती, शेजारची पोरं टाळ्या पिटत होती, आणि काका बेल देत होते.

परत आल्यावर मी विचारलं, "काय चुकलं हो?"

"मुळात चिंटू दोन तास बोलतो."

"सिनेमा आहे, काका."

"चौथ्या चौकटीनंतर चिंटू कधी बोललाय? गंमत झाली की तो गप. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तुम्ही हसायचं. इथे हसून होतंय तोवर पुढचं चालू."

पुढच्या वर्षी दुसरा भाग आला, 'खजिन्याची चित्तरकथा'. काकांचा आक्षेप अधिक गंभीर झाला. "पोरगा वाढलाय!" वर्षभरात पोरगं वाढणारच, त्याला आई दूध देते. काका ऐकेनात. "पेपरातला चिंटू बावीस वर्षं त्याच चड्डीत आहे. माझे केस गेले, दात गेले, त्याची इयत्तासुद्धा गेली नाही. आणि ह्यांचा चिंटू एका वर्षात उंच!"

'फास्टर फेणे' ही काही चित्रकथा नव्हे, पण २०१७ साली तो पडद्यावर आला तेव्हा काकांनी अधिकारक्षेत्र वाढवून घेतलं. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा शाळकरी पोरगा मोठा होऊन मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसलेला पाहून ते म्हणाले, "अमेय वाघ चांगला आहे. पण अर्ध्या तिकिटावर बसवायचा प्रवासी पूर्ण तिकिटावर बसवलाय." भागवतांचंच पात्र दिलीप प्रभावळकरांच्या रूपात सिनेमात फिरताना दिसलं तेव्हा मात्र काकांना बेल द्यायचं सुचलं नाही. लेखक स्वतः गाडीत असताना कंडक्टरनं काय बोलावं?

एकदाच ते खरे अडकले. २०१९ साली प्रसाद ओक यांचा 'हिरकणी' आला. रायगडाचे दरवाजे कोजागरीच्या रात्री बंद झाले आणि तान्ह्या लेकरासाठी गवळण कडा उतरून गेली, ही गोष्ट आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर पोटात जाते. हिरकणीवाडी आमच्याच वाटेवर; रोपवे तिथूनच वर जातो. गावानं काकांना खुर्ची दिली आणि बेल ऐकायला कान टवकारले. एकही आली नाही. कारण मूळ पुस्तकच नव्हतं. पाचाडला एक हिरकणी, वाडीला दुसरी, आमच्या आजीची तिसरी. आजीची हिरकणी उतरताना साप बघते, वाडीची बघत नाही. "मूळ प्रतच नाही, तर तपासायचं कशाशी?" काका बाहेर येऊन म्हणाले. त्यांचा चेहरा पेटी हरवलेल्या कंडक्टरचा झाला होता. त्या रात्री त्यांनी तिन्ही हिरकण्या लिहून काढायला घेतल्या. पहाटेपर्यंत पाच झाल्या.

काकांना वेड लागलंय असं गावाचं मत. माझं तसं नाही, आणि त्याचं कारण एका पावसाळी दुपारी त्यांनी मला दाखवलं. वीज गेली होती. काकांनी इंद्रजालचा एक अंक उघडला आणि बोट ठेवलं. चित्रावर नव्हे, दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीवर.

"ह्या चौकटीत वेताळानं मूठ उगारलीय. ह्या चौकटीत गुंड पडलाय. मारलं कुठे?"

"मधे."

"मधे कोण आहे?"

"कुणी नाही."

"मी आहे," काका म्हणाले. "ठोसा मी मारलाय. किती जोरात, आवाज कसा, गुंड ओरडला का, हे सगळं माझं. दहा वर्षांचा होतो तेव्हापासून त्या पट्टीत माझी जागा आहे. सिनेमावाला ती पट्टीच काढून टाकतो. सगळं हलतंय, सगळं बोलतंय. मग मी कुठे बसू?"

काकांच्या सगळ्या आक्षेपांचं मूळ ह्या करंगळीएवढ्या रिकाम्या जागेत आहे. त्यांना राखायचं आहे ते पुस्तक नाही, पुस्तकातली आपली सीट. चित्रकथेचा सिनेमा करणाराला हे कसं समजावं? तो बिचारा पोशाख शिवतो, नट शोधतो, जंगल उभं करतो आणि प्रामाणिकपणे समजतो की आपण पुस्तकात जे होतं ते सगळं आणलं. जे पुस्तकात नव्हतंच ते आणायचं राहून गेलं, हे त्याला सांगणार कोण? सांगायला काका तयार आहेत, पण हॉलिवूडहून कुणी गडावर येत नाही.

काकांचा खरा जोडीदार त्यांच्या घरातच निघाला. उड्या मारणारी ती नात कॉलेजात गेली आणि एका मे महिन्यात सॅक भरून मांगा घेऊन आली. जपानी चित्रकथा. काकांनी एक उचललं, उघडलं आणि लगेच मिटलं.

"बांधणीत चूक आहे. परत दे. शेवट पुढे लागलाय."

"आजोबा, जपानी असंच वाचतात. उजवीकडून डावीकडे."

काकांच्या जागी दुसरा कुणी असता तर हसला असता. काकांनी विचारलं, "मूळ तसं आहे?" ती हो म्हणाली. "मग तसंच वाचायचं." काकांनी पुस्तक उलट धरलं आणि रिव्हर्स गिअरमध्ये चारशे पानं पार केली. मधे तिनं सांगितलं की पूर्वी इंग्रजीवाले लोकांच्या सोयीसाठी मांगाची पानं आरशात बघितल्यासारखी उलटून छापायचे, त्यामुळे सगळे सामुराई डावखुरे झाले. काका ताटावरून उठले. "डावखुरे सामुराई! आणि जपान सरकार काय करत होतं?"

त्या दिवसापासून आजोबा-नातीची बैठक जमली. पोरगी आजोबांपेक्षा कडक निघाली. तिनं त्यांना 'ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन'ची कथा सांगितली. अकिरा तोरियामांचा गोकू २००९ च्या सिनेमात अमेरिकन शाळेतला पोरगा करून टाकला, आणि पटकथा लिहिणाऱ्या बेन रॅम्झीनं काही वर्षांनी चाहत्यांची जाहीर माफी मागितली. काकांना सिनेमात रस उरला नाही; त्यांना माफी हवी होती. "त्याची प्रत मिळेल का? फ्रेम करून लावू." मग तिनं 'डेथ नोट' काढलं. ज्याचं नाव लिहावं तो मरतो अशी वही, सफरचंदं खाणारा मृत्युदेव, जपानी विद्यार्थी. जपान्यांनी २००६ साली त्यावर सिनेमा केला. २०१७ साली नेटफ्लिक्सनं केला तेव्हा गोष्ट उचलून अमेरिकेत सिॲटलला नेली.

काकांनी त्यावर गावाचा हुकमी पत्ता टाकला. "आपले चिंतामणराव देशमुख बघ. एवढा मोठा अर्थमंत्री, 'मेघदूत' मराठीत आणलं. ढग रामगिरीहून अलकेला निघाला तो अलकेलाच पोचला. मधेच सिॲटलला गेला नाही."

आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. नातीनं दहावीला मार्कांसाठी संस्कृत घेतलं होतं. मार्क विसरली होती, 'मेघदूत' नाही. "आजोबा, मुळात," ती म्हणाली, आणि काकूंनी कपाळावर हात मारला, "मुळात कालिदासाचा यक्षच ढगाला सांगतो की वाट वाकडी झाली तरी उज्जयिनीवरून जा. ती मार्गात नव्हती. आणि सगळ्यात छान भाग तोच आहे."

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "यक्ष स्वतः सांगतोय ना? मग तो मालकाच्या परवानगीनं झालेला मार्गबदल." त्यांच्या तत्त्वात फट पडली होती, पण त्यांनी तीत परिपत्रक बसवलं. याच न्यायानं २०२३ चं 'वन पीस' त्यांनी मान्य केलं. १९९७ पासून चालू असलेली, शंभरावर खंड झालेली मालिका. ती माणसं घेऊन केली तेव्हा मूळ चित्रकार ओडा लक्ष ठेवून होता. रेंज येईल तशी दोघांनी ती बघितली. रबरासारखा हात ताणणारा पोरगा पाहून काका एवढंच म्हणाले, "मालक हजर आहे. चालू द्या." फक्त शंभर खंड ऐकून त्यांना काळजी वाटली. "ही गाडी मुक्कामाला कधी लागणार?"

खरा घाव पुढे बसला. नात मोबाइलवर वेताळाची माहिती काढत होती, आजोबांना खूश करावं म्हणून. आणि तिला दिसलं की वेताळाच्या जंगलाच्या देशाचं नाव डेंकाली नव्हेच. इंग्रजी मूळ मालिकेत तो बंगाला आहे. आपल्याकडच्या वाचकाला बंगालची आठवण नको म्हणून इंद्रजालवाल्यांनी डेंकाली केलं. पिढ्यान्‌पिढ्या वेताळाशी वैर धरणारे चाचे मुळात सिंग. आपल्याकडे ते सिंगा झाले. एवढंच नाही, वर्तमानपत्रात रोज यायच्या त्या पट्ट्या कापूनकुपून, चौकटी छाटून त्या पुस्तकाच्या पानात बसवल्या होत्या. म्हणजे काकांची ती पांढरी पट्टीसुद्धा मुंबईत कुणीतरी कात्रीनं पाडली होती.

दोन दिवस काकांनी कुणाची चूक काढली नाही. आमटीत मीठ नव्हतं, बोलले नाहीत. बातम्यांत निवेदिकेनं पोलादपूरला रत्नागिरी जिल्ह्यात नेऊन ठेवलं, तरी बोलले नाहीत. काकू घाबरून महाडच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला निघाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी काका ओटीवर आले, खुर्चीत बसले आणि जाहीर केलं, "मुळात डेंकालीच बरोबर आहे. ली फॉकला ते उशिरा कळलं असतं."

काकूंनी पायातल्या चपला काढून ठेवल्या.

नातीनं मग त्यांना 'ओल्डबॉय'चं सांगितलं नाही असं नाही. एका माणसाला कारण न सांगता वर्षानुवर्षं कोंडून ठेवतात. मांगात दहा वर्षं, कोरियन सिनेमात पंधरा, आणि कोंडण्याचं कारणच पार्क चान-वूकनं नवं घातलं. २००४ साली कान महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळालं. मार्ग बदलून गाडी वेळेआधी पोचल्याचं हे उदाहरण काकांना पचेना. म्हणून तिनं उलट टोकाचं दाखवलं. 'सिन सिटी', २००५. रॉड्रिगेझनं फ्रँक मिलरच्या चौकटी जशाच्या तशा पडद्यावर उभ्या केल्या आणि मिलरला सहदिग्दर्शक म्हणून नाव देता यावं यासाठी दिग्दर्शकांच्या संघटनेचा राजीनामा दिला. पुस्तक एका हातात, मोबाइल दुसऱ्या हातात, काका चौकटीमागून चौकट ताडत गेले. चूक सापडेना. चार-पाच प्रसंग झाल्यावर त्यांनी मोबाइल परत दिला.

"काय झालं आजोबा? सगळं बरोबर आहे ना?"

"सगळं बरोबर आहे," काका हिरमुसून म्हणाले. "मग मी काय करू?"

त्या वर्षी गणपतीत मंडळाच्या पोरांनी ठरवलं की वेताळावर मोबाइलवरच शॉर्ट फिल्म काढायची आणि मंडपात पडद्यावर दाखवायची. काकांना 'मूळ सल्लागार' नेमलं. न नेमता ते आलेच असते, निदान खाली बसतील एवढाच हेतू. अडचणी पहिल्या तासात सुरू झाल्या. वेताळ राहतो ती कवटीची गुहा म्हणून कुणीतरी गांधारपाल्याची लेणी सुचवली. ती संरक्षित, परवानगी लागते, आणि तिथे असले चाळे करायचे नाहीत असं काकांनीच सुनावलं. गुहा मग गुरांच्या गोठ्यात झाली. जांभळा पोशाख महाडच्या बाजारात मिळाला; बायकांची लेगिंग होती. वेताळाचा पांढरा घोडा मिळेना. पांढरी स्कूटी मिळाली. काका म्हणाले, "निदान रंग पाळलाय." समुद्री चाच्यांना समुद्र कुठून आणायचा? पोरांनी त्यांना नदीतून रात्री रेती उपसणारे केलं. काकांनी सलग तीन बेल दिल्या, म्हणजे गाडी बिघडली, सगळे उतरा. पण कुणी उतरलं नाही.

गौरी गेल्या आणि वेताळ झालेला पोरगा मुंबईला गेला. रजा संपली होती. जाताना लेगिंग घालूनच गेला की काय कोण जाणे, ती सापडली नाही. अर्ध्या शूटिंगवर सगळे डोक्याला हात लावून बसले. संवाद पाठ असलेला, हात कसा उगारायचा हे माहीत असलेला माणूस गावात एकच होता. नातीनं आत जाऊन आजोबांचा खाकी गणवेश इस्त्री करून आणला.

"मुळात खाकी नाही," काका म्हणाले.

"मालक हजर आहे," नात म्हणाली. "चालू द्या."

काका स्कूटीवर मागे बसले, कारण त्यांना चालवता येत नाही. गोठ्यातून बाहेर आले, रेतीचोराची कॉलर धरली. इथे वेताळ ठोसा मारतो आणि अंगठीतली कवटी गुंडाच्या जबड्यावर कायमची उमटते. अंगठी लेगिंगबरोबर गेलेली. कॅमेरा चालू होता. काकांनी खिशात हात घातला आणि तीस वर्षांच्या सवयीनं तिकिटाचा चिमटा बाहेर आला. टक. रेतीचोराच्या नव्या शर्टाच्या कॉलरला गोल भोक पडलं. "वेताळाची खूण आहे. पुन्हा दिसलास तर दुसरं पाडीन!" हे वाक्य पुस्तकात कुठेही नाही.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री मंडप भरला. पाऊस पडद्याच्या मागे कोसळत होता. काका पहिल्या रांगेत, वेबिल मांडीवर, पेन्सिल हातात. पडद्यावर खाकी वेताळ स्कूटीवरून उतरला आणि मंडपात एवढा कल्लोळ झाला की गणपतीसुद्धा हलला असेल. काकांनी दिली बेल. "टिंग!" लोक हसायला लागले. चिमट्याचा प्रसंग आला, बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि काका उभे राहून ओरडत होते, "चूक! अंगठी हवी!" पडद्यावरचे काका चोराला दम देत होते आणि खालचे काका पडद्यावरच्या काकांना. दोघांचाही आवाज कुणाला ऐकू येत नव्हता. वेबिलात सतरा चुका झाल्या.

संपल्यावर चौथी-पाचवीतला एक पोरगा गर्दीतून वाट काढत आला. त्याच्या हातात भोक पाडलेलं तिकीट होतं, म्हणजे काकांच्या ट्रंकेतला वाचक.

"काका, एक राहिली."

"काय?"

"तुमच्या हातात घड्याळ होतं. पुस्तकात वेताळाच्या मनगटावर घड्याळ नसतं."

काकांनी मनगटाकडे पाहिलं. मग चष्मा पुसून पोराकडे पाहिलं. पेन्सिलीला थुंकी लावून त्यांनी अठरावी चूक लिहिली आणि समोर शेऱ्यात पोराचं नाव घातलं.

"पुढच्या वर्षी माझ्या शेजारी बसायचं," ते म्हणाले. "एका माणसाचं काम नाही हे. आणि परत सांगतो, पुस्तक दुमडलंस तर दंड."